उघडे वायफाय, उघडे दार

२६ जुलै २००८, शनिवारची संध्याकाळ. अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांच्या कार्यालयांत एक ई-मेल येऊन थडकला. त्यात हल्ल्याची आगाऊ कबुली होती. त्या संध्याकाळी पन्नासहून अधिक निरपराधांचा बळी गेला. ई-मेलचा माग काढत महाराष्ट्राचे दहशतवादविरोधी पथक निघाले आणि ते पोहोचले नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका निवासी इमारतीत. तेथे भाड्याने राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या इंटरनेट जोडणीवरून तो मेल गेला होता.

त्या गृहस्थाची कसून चौकशी झाली, घरातील संगणक तपासासाठी ताब्यात घेण्यात आले आणि त्याचे नाव देशभर गाजले. कित्येक दिवसांनी चित्र स्पष्ट होत गेले. मेल त्याने पाठवलाच नव्हता. त्याच्या घरातील वायफायला परवलीच्या शब्दाचे कुलूप नव्हते आणि बाहेरच्याच कोणीतरी त्या उघड्या जोडणीचा वापर करून घेतला होता. त्याच्यावर आरोप ठेवण्यात आला नाही. पण मधल्या काळातील मनस्ताप कोणालाही भरून देता येण्यासारखा नव्हता.

हा प्रकार एकटा राहिला नाही. ऑगस्ट २००८ मधील दुसरा मेल माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या जाळ्यातून गेला, तर १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळचा मेल चेंबूरमधील एका कंपनीच्या वायफायवरून. तिन्ही ठिकाणचे मालक वेगळे आणि तिघेही त्या कटाशी संबंध नसलेले. तिघांत साम्य एवढेच, की त्यांचे वायफाय परक्याला वापरता आले.

शांतीनगरच्या भिंती आणि रेडिओ लहरी

सानपाड्याची ती सदनिका मीरा रोडच्या शांतीनगरातही असू शकली असती. स्थानकाच्या पूर्वेला सेक्टरांमध्ये विभागलेली ही वसाहत मुंबईत नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी भरलेली आहे. एकमेकींजवळ उभ्या इमारती, खाली दुकाने, संध्याकाळी फुलणारा बाजार आणि एका घराच्या खिडकीतून दुसऱ्या घरातील दूरचित्रवाणी दिसावी इतके कमी अंतर. अशा वस्तीत मोबाइलवर वायफायची यादी उघडली की आपल्या घराच्या नावाबरोबर वरच्या, खालच्या आणि समोरच्या घरांची नावेही रांगेने दिसतात. याचा उलट अर्थ मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही. आपल्याला त्यांचे जाळे दिसते, तसे त्यांना आपलेही दिसते. खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारीतील माणसालाही ते दिसते.

वायफाय म्हणजे अखेर रेडिओ लहरी. सर्वसाधारण घरगुती राउटरच्या लहरी मोकळ्या जागेत शंभर मीटरच्या आसपास जाऊ शकतात. काँक्रीटच्या भिंती त्यांचा जोर कमी करतात, पण त्यांना अडवत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरी भिंतींतून अधिक सहज जातात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींचा वेग जास्त, पण पल्ला कमी. तारेच्या जोडणीत चोराला निदान घरात शिरावे लागत असे. बिनतारी जोडणीत घरच दाराबाहेर पसरलेले असते.

पोलीस आपल्याच दारी का येतात?

शेजाऱ्याने थोडे वायफाय वापरले तर बिघडले काय, असा उदार प्रश्न अनेकजण विचारतात. फायबरच्या अमर्याद योजनांमुळे डेटा संपण्याची भीतीही आता उरलेली नाही. खरा धोका निराळाच आहे.

घरातील मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही अशी सारी उपकरणे राउटरमार्फत बाहेर जातात आणि बाहेरच्या जगाला त्या सगळ्यांचा मिळून एकच आयपी पत्ता दिसतो. हा पत्ता म्हणजे पाकिटावरील प्रेषकाचा पत्ता. पाकीट घरातील कोणी टाकले, की जिन्यात बसलेल्या परक्याने, हे त्यावरून कळत नाही. हल्ली काही कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात. तरीही कोणत्या क्षणी कोणता ग्राहक त्यामागे होता, याची नोंद कंपनीकडे ठेवली जाते. धमकीचा मेल असो, अश्लील चित्रफीत असो, की बँक खात्यातील अफरातफर, तपासाची पहिली पायरी त्या नोंदीतील नावापर्यंत पोहोचते. ते नाव जोडणीच्या मालकाचे असते. म्हणून वायफायचे कुलूप हे सर्वप्रथम स्वतःच्या नावाचे संरक्षण आहे.

२००८ च्या घटनांनंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरात फिरून असुरक्षित वायफाय शोधण्याची आणि मालकांना नोटिसा देण्याची मोहीम जाहीर केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांच्या वायफाय जोडण्या सुरक्षित करण्याबाबत सूचना दिल्या. पूर्णपणे उघडे वायफाय आज निवासी वस्तीत क्वचितच आढळते. पण कुलूप असणे वेगळे आणि ते चांगले असणे वेगळे.

कुलपांच्या चार पिढ्या

वायफायची पहिली सुरक्षा पद्धत ‘डब्ल्यूईपी’ ही १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली. २००१ मध्येच संशोधकांनी तिच्या मुळातील दोष दाखवून दिला आणि २००७ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी ती एका मिनिटाच्या आत फोडून दाखवली. हा केवळ प्रयोगशाळेतील खेळ नव्हता. अमेरिकेतील एका मोठ्या दुकानसाखळीच्या कमकुवत वायफायमधून शिरलेल्या टोळीने साडेचार कोटींहून अधिक पतपत्रांचे तपशील लांबवले, हे २००७ मध्ये उघड झाले.

त्यानंतर २००३ मध्ये तात्पुरती मलमपट्टी म्हणून ‘डब्ल्यूपीए’ आणि २००४ मध्ये भक्कम असे ‘डब्ल्यूपीए-२’ आले. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियममधील एका संशोधकाने डब्ल्यूपीए-२ मध्येही त्रुटी दाखवली. ती मोबाइल, संगणक आणि राउटर यांच्या सुधारित आवृत्त्यांनी बुजवता आली. पण ज्यांनी उपकरणे अद्ययावत केली नाहीत, त्यांच्याकडे ती तशीच राहिली. २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपीए-३’ जाहीर झाले.

सामान्य ग्राहकाने एवढेच पाहावे. राउटरच्या सुरक्षा पानावर ‘डब्ल्यूपीए-३’ हा पर्याय असल्यास तो निवडावा. घरात जुना मोबाइल किंवा प्रिंटर असेल आणि तो जोडला जात नसेल, तर ‘डब्ल्यूपीए-२ व ३’ हा मिश्र पर्याय घ्यावा. तोही नसेल तर ‘डब्ल्यूपीए-२’ आणि त्यात ‘एईएस’ ही कूटपद्धत ठेवावी. ‘डब्ल्यूईपी’ किंवा ‘टीकेआयपी’ एवढेच पर्याय देणारा राउटर निवृत्त करण्याच्या वयाचा झाला आहे, असे समजावे.

मोबाइल क्रमांक हा परवलीचा शब्द नव्हे

जोडणी बसवायला आलेला तंत्रज्ञ घाईत असतो. वायफायला नाव दिले जाते ते बहुधा आडनाव आणि सदनिका क्रमांकाचे, आणि परवलीचा शब्द म्हणून टाकला जातो ग्राहकाचा मोबाइल क्रमांक. लक्षात ठेवायला सोपा म्हणून सारेच समाधानी असतात. पण तो क्रमांक सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर असतो, वाण्याकडे असतो, कुरिअरच्या पाकिटावर छापलेला असतो.

तो अनोळखी माणसासाठीही अवघड नाही. मोबाइल वायफायला जोडला जाताना दोघांत ओळख पटवण्याची जी देवाणघेवाण होते, ती हवेतून टिपता येते. डब्ल्यूपीए-२ मध्ये एकदा ती हाती लागली की हल्लेखोराला तुमच्या इमारतीजवळ थांबण्याची गरज उरत नाही. तो घरी बसून संगणकाकरवी एकामागून एक अंदाज लावू शकतो. सहा ते नऊ या अंकांनी सुरू होणारे दहा आकडी क्रमांक एकूण चारशे कोटी होतात. ऐकायला संख्या अवाढव्य वाटते. पण खेळांसाठी वापरले जाणारे एखादे शक्तिशाली ग्राफिक कार्ड सेकंदाला पाच लाख अंदाज तपासत असेल, तर सगळे क्रमांक अडीच तासांच्या आत संपतात. लहान लिपीतील आठ इंग्रजी अक्षरांचा निरर्थक शब्दही त्याच वेगाने पाच दिवसांत सापडतो.

उपाय अवघड नाही. वायफायचा परवलीचा शब्द ६३ अक्षरांपर्यंत लांब असू शकतो आणि येथे लांबी हेच बळ असते. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहावेत. उदाहरणार्थ ‘वरवंटा-पागोळी-टांगा-कोथिंबीर’. पाच हजार शब्दांच्या यादीतून असे चार शब्द चिठ्ठ्या टाकून काढले, तर वर सांगितलेल्या वेगाने सगळ्या जोड्या तपासायला सुमारे चाळीस वर्षे लागतील. शब्द मात्र खरोखरच यदृच्छेने निवडलेले हवेत. आवडत्या गाण्याची ओळ, मुलांची नावे किंवा देवाचे नाव नको. वर छापलेले उदाहरणही वापरू नये, कारण छापून आलेला शब्द गुप्त राहत नाही.

जाळ्याचे नावही साधे ठेवावे. त्यात आडनाव, इमारत किंवा सदनिका क्रमांक असण्याचे कारण नाही. कोणते जाळे कोणत्या दारामागे आहे, हे आपणच जाहीर कशाला करावे?

दुसरे कुलूप, जे बहुतेकांना ठाऊकच नसते

प्रत्येक राउटरला दोन परवलीचे शब्द असतात. पहिला वायफायला जोडण्याचा. दुसरा राउटरच्या स्वतःच्या कारभाराचा. तो टाकून त्याच्या पानावर गेले की सगळ्या व्यवस्था बदलता येतात. पहिला शब्द लोक कधीमधी बदलतात. दुसरा मात्र कारखान्यातून आला तसाच राहतो. अनेक जुन्या राउटरांमध्ये तो ‘अॅडमिन’ असा असतो आणि हे जगातील प्रत्येक चोराला ठाऊक असते.

या एका दुर्लक्षाची किंमत मोठी आहे. ब्राझीलमध्ये २०११ च्या सुमारास हल्लेखोरांनी मोडेममधील त्रुटीचा फायदा घेऊन सुमारे ४५ लाख मोडेमांत फेरफार केले. संकेतस्थळाचे नाव टाकल्यावर त्याचा पत्ता सांगणारी जी ‘डीएनएस’ नावाची व्यवस्था असते, तीच त्यांनी बदलली. ग्राहक बँकेचे नाव अचूक टाकत आणि तरीही बनावट पानावर पोहोचत. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातील ठरावीक परवलीच्या शब्दांची साठेक जोड्यांची यादी वापरून जगभरातील कॅमेरे आणि राउटर काबीज केले, आणि त्यांच्या फौजेने २१ ऑक्टोबर रोजी अमेरिकेतील अनेक बड्या संकेतस्थळांना काही तास बंद पाडले. भारतातही जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमच्या ग्राहकांचे हजारो मोडेम अशाच हल्ल्यात निकामी झाले आणि कारखान्यातील परवलीचा शब्द बदलण्याचे आवाहन ग्राहकांना करावे लागले. या उपकरणांच्या मालकांना आपण कोणाच्या फौजेत सामील झालो आहोत, याची कल्पनाही नव्हती.

अर्ध्या तासाचे काम

या साऱ्यांवरचे उपाय एका सुटीच्या सकाळी होण्यासारखे आहेत. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर त्याचा अंतर्गत पत्ता छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. घरच्या वायफायला जोडलेल्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो टाकला की कारभाराचे पान उघडते. काही कंपन्यांनी यासाठी मोबाइल अॅपही दिलेले आहे. जोडणी कंपनीने पान बंद करून ठेवले असेल, तर तिच्या ग्राहक सेवेकडून हे बदल करून घ्यावेत.

सर्वप्रथम कारभाराचा परवलीचा शब्द बदलावा आणि तो वहीत लिहून कपाटात ठेवावा. घरातील कपाटापर्यंत पोहोचलेला चोर आणि इंटरनेटवरील चोर हे दोन वेगळे प्राणी आहेत. तेव्हा वहीत लिहिण्यात कमीपणा नाही. मग वायफायची सुरक्षा पद्धत आणि परवलीचा शब्द वर सांगितल्याप्रमाणे ठेवावा.

त्यानंतर ‘डब्ल्यूपीएस’ बंद करावे. बटण दाबून किंवा आठ आकडी क्रमांक टाकून उपकरण जोडण्याची ही सोय आहे. हा क्रमांक दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे कोट्यवधींऐवजी जेमतेम अकरा हजार प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११ च्या अखेरीस सिद्ध झाले. परवलीचा शब्द कितीही भक्कम असला, तरी ही मागची खिडकी उघडी असेल तर त्याचा उपयोग नाही.

‘रिमोट मॅनेजमेंट’ म्हणजे बाहेरून राउटरचा कारभार करण्याची सोय घरगुती ग्राहकाला सहसा लागत नाही. तीही बंद असावी. राउटरची अंतर्गत प्रणाली अद्ययावत करण्याचा पर्याय स्वयंचलित ठेवावा. कंपनीने ज्या राउटरला सुधारणा देणे थांबवले आहे, तो चालू स्थितीत असला तरी बदलावा. दिवा पेटतो म्हणून राउटर चांगला, असे मानणे म्हणजे दार बंद होते म्हणून कडी शाबूत आहे असे मानण्यासारखे आहे.

पाहुणे आणि घरातील परकी यंत्रे

आपल्याकडे पाहुण्याला पाण्याच्या पेल्यापाठोपाठ वायफायचा परवलीचा शब्दही दिला जातो. नाही म्हणणे शिष्टाचाराला धरून नसते. त्यासाठी बहुतेक नव्या राउटरांत ‘गेस्ट नेटवर्क’ म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळ्या जाळ्याची सोय असते. त्यावरून पाहुण्याला इंटरनेट मिळते, पण घरातील संगणक आणि प्रिंटर यांच्यापर्यंत त्याला पोहोचता येत नाही. पाहुणे गेले की ते बंद करता येते. मुलांचे मित्र, गृहपाठासाठी येणारी शेजारची मुले, दुरुस्तीला आलेला कारागीर या सर्वांसाठी हीच वाट असावी. पाहुण्यांच्या जाळ्यावरून केलेल्या वापरावरही नाव मात्र घरमालकाचेच लागते, म्हणून त्यालाही कुलूप हवेच.

इंटरनेटला जोडलेले कॅमेरे, टीव्ही, दिवे यांचीही सोय याच वेगळ्या जाळ्यावर करावी. स्वस्त उपकरणांना सुरक्षेच्या सुधारणा क्वचितच मिळतात. त्यांच्यामार्फत कोणी घुसले, तरी बँकेचे व्यवहार चालणारा संगणक निराळ्या खोलीत राहतो.

भाडेकरू बदलला, घरातील मदतनीस बदलले किंवा शिकवणीचा वर्ग घरात चालत असेल, तर परवलीचा शब्द दर काही महिन्यांनी बदलणे शहाणपणाचे. मोबाइलवरून दाखवता येणाऱ्या चौकोनी क्यूआर चिन्हात परवलीचा शब्द उघडपणे साठवलेला असतो. ते चिन्ह दर्शनी भिंतीवर चिकटवणे म्हणजे किल्ली दाराला टांगून ठेवणे होय. जुना राउटर भंगारात देण्यापूर्वी त्याच्या मागचे बारीक छिद्रातील बटण दाबून सर्व नोंदी पुसाव्यात.

दोन लोकप्रिय गैरसमज

जाळ्याचे नाव लपवले की आपण सुरक्षित झालो, हा पहिला गैरसमज. नाव लपवलेले जाळेही लहरी सोडतच असते, आणि त्याला जोडला जाणारा मोबाइल ते नाव स्वतःच हवेत पुकारतो. ठरावीक उपकरणांच्या ‘मॅक’ क्रमांकांनाच प्रवेश देणे, हा दुसरा. तो क्रमांक कूटबद्ध न होता प्रवास करतो आणि त्याची नक्कल करणे सोपे असते. हे दोन्ही उपाय आगंतुक शेजाऱ्याला थोपवतील, जाणत्या चोराला नाही. राउटर खिडकीऐवजी घराच्या मध्यभागी ठेवल्याने बाहेर जाणाऱ्या लहरी थोड्या कमी होतात आणि घरात वेगही बरा मिळतो. पण तेही कुलपाला पर्याय नव्हे.

शंका आली तर

राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. तीत अनोळखी नाव दिसले की लगेच शेजाऱ्याचा संशय घेऊ नये. हल्लीचे मोबाइल गोपनीयतेसाठी आपला मॅक क्रमांक बदलून सांगतात, त्यामुळे ‘अनोळखी’ उपकरण घरच्याच कोणाचे असू शकते. घरातील सर्व उपकरणे एकेक करून बंद करावीत. तरीही नाव उरले, तर परवलीचा शब्द बदलावा.

मात्र पोलिसांत जाण्यासारखा गंभीर प्रकार घडला असेल, तर घाईने राउटर पुसू नये. अनेक राउटरांतील नोंदी वीज बंद होताच नाहीशा होतात आणि परक्या माणसाच्या वापराचा हाच पुरावा असतो. यादीची आणि वेळेची छायाचित्रे आधी घ्यावीत. पैशांची फसवणूक झाली असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तातडीने कळवावे. इतर सायबर गुन्ह्यांची तक्रार केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पोर्टलवर किंवा नजीकच्या पोलीस ठाण्यात करता येते. शांतीनगरच्या रहिवाशांसाठी २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय कार्यरत आहे. दुसऱ्याच्या जाळ्यात अप्रामाणिक हेतूने विनापरवाना शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अन्वये गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

२००८ च्या तुलनेत आज एक दिलासा नक्कीच आहे. बहुतेक संकेतस्थळे आणि अॅप आपली माहिती स्वतंत्रपणे कूटबद्ध करतात, त्यामुळे हवेतून मजकूर वाचणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. पण जोडणी कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न तेव्हा होता तसाच आजही आहे. सानपाड्यातील त्या भाडेकरूने काहीही केले नव्हते. परवलीचा शब्द टाकणे तेवढे राहून गेले होते.

शांतीनगरात रात्री निजण्यापूर्वी घराघरांतून दाराची कडी, गॅसची कळ आणि बाल्कनीचे दार पाहिले जाते. राउटरचे कुलूप तर रोज पाहावे लागत नाही. एकदा नीट लावले आणि वर्षातून दोन-तीनदा तपासले, तरी पुरते.